घरच्या घरी संगणक प्रयोगशाळा : आभासी यंत्रांवरील सराव आणि प्रमाणपत्र परीक्षांची तयारी

माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात प्रवेश करू पाहणाऱ्या तरुणांसमोर एक जुनाच पेच उभा असतो. नोकरीसाठी अनुभव हवा आणि अनुभवासाठी नोकरी हवी. सर्व्हर, राऊटर, स्विच, डेटा सेंटर या गोष्टी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत क्वचितच हाताळायला मिळतात आणि एखाद्या कंपनीच्या चालू यंत्रणेवर नवख्याला कोणी हात लावू देत नाही. या कोंडीतून वाट काढण्यासाठी प्रमाणपत्र परीक्षांचा मार्ग रूढ झाला. मात्र पुस्तके पाठ करून मिळवलेले प्रमाणपत्र मुलाखतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नालाच उघडे पडते. अभ्यासाला हाताच्या सवयीची जोड द्यायची, तर सरावाची जागा हवी. आभासीकरणाच्या तंत्रामुळे ही जागा आज घरातल्या एका संगणकात निर्माण करता येते.

या प्रयोगशाळेला काय लागते, ती कशी मांडावी, तिच्यावर कोणता सराव करावा आणि परीक्षेच्या दृष्टीने त्याचा कसा उपयोग करून घ्यावा, याचा हा आढावा.

आभासीकरण म्हणजे काय?

एका प्रत्यक्ष संगणकाची साधनसामग्री, म्हणजे प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क कार्ड, अनेक स्वतंत्र संगणकांमध्ये वाटून देण्याच्या तंत्राला आभासीकरण म्हणतात. वाटणी करणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरवायजर असे नाव आहे. ज्या संगणकावर ते चालते तो यजमान आणि त्याच्या आश्रयाने चालणारी आभासी यंत्रे हे पाहुणे. प्रत्येक पाहुण्याला आपण स्वतंत्र यंत्रावरच आहोत असे वाटत असते. त्यामुळे एकाच डब्यात विंडोज सर्व्हर, दोन-तीन लिनक्स यंत्रे आणि एक फायरवॉल एकाच वेळी नांदू शकतात.

ही कल्पना नवी नाही. आयबीएमच्या केंब्रिज येथील केंद्रात १९६०च्या दशकात मोठ्या मेनफ्रेम संगणकांवर हे प्रयोग झाले आणि १९७२ साली व्हीएम-३७० ही प्रणाली बाजारात आली. पुढे स्वस्त वैयक्तिक संगणकांचे युग आले. त्या संगणकांमध्ये वापरली जाणारी एक्स-८६ प्रोसेसरची रचना आभासीकरणाला अनुकूल नव्हती. त्यातील काही संवेदनशील आज्ञा हायपरवायजरला पत्ता न लागू देता चालत. १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने अशा आज्ञा चालता चालता बदलून घेण्याची युक्ती काढली आणि १९९९ मध्ये व्हीएमवेअर वर्कस्टेशन हे उत्पादन आणले. इंटेलने नोव्हेंबर २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच आभासीकरणाची सोय केल्यावर हे तंत्र घराघरांत पोहोचण्याचा मार्ग मोकळा झाला. फेब्रुवारी २००७ मध्ये केव्हीएम हा भाग लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाला आणि २००८ साली मायक्रोसॉफ्टने हायपर-व्ही आणले. आज ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गुगल यांच्या क्लाऊड सेवांचा पायाही आभासीकरणाचाच आहे. म्हणूनच घरच्या प्रयोगशाळेत शिकलेले क्लाऊडच्या कामातही उपयोगी पडते.

परीक्षांचे बदलते स्वरूप

सिस्कोची सीसीआयई ही परीक्षा १९९३ साली आणि सीसीएनए १९९८ साली सुरू झाली. रेड हॅटची आरएचसीई १९९९ची. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मायक्रोसॉफ्टच्या एमसीएसई प्रमाणपत्राला एवढी मागणी आली की, शहरोशहरी त्याचे क्लास निघाले. परंतु त्या परीक्षा प्रामुख्याने पर्यायी प्रश्नांच्या होत्या. प्रश्न पाठ करून उत्तीर्ण झालेल्या आणि प्रत्यक्षात सर्व्हर न हाताळलेल्या उमेदवारांना ‘कागदी एमसीएसई’ असे हिणवले जाऊ लागले. प्रमाणपत्राची किंमत घसरली आणि त्याची झळ प्रामाणिकपणे अभ्यास करणाऱ्यांनाही बसली. एमसीएसई, एमसीएसए आणि एमसीएसडी ही प्रमाणपत्रे मायक्रोसॉफ्टने ३१ जानेवारी २०२१ रोजी बंद केली. त्यांची जागा कामाच्या स्वरूपानुसार आखलेल्या नव्या प्रमाणपत्रांनी घेतली.

दरम्यान प्रत्यक्ष काम करून दाखवण्याच्या परीक्षांचे महत्त्व वाढले. रेड हॅटच्या आरएचसीएसए परीक्षेत पर्यायी प्रश्न नसतात. उमेदवारासमोर लिनक्सची यंत्रे ठेवली जातात आणि दिलेली कामे ठरावीक वेळात करून दाखवावी लागतात. एकूण ३०० गुणांपैकी २१० मिळाले तर उत्तीर्ण. यंत्रे पुन्हा सुरू केल्यावरही केलेले बदल टिकले पाहिजेत, ही त्यातील सर्वांत कडक अट. कुबरनेटिसची सीकेए ही परीक्षाही अशीच दोन तासांची प्रात्यक्षिक परीक्षा आहे. तीत अधिकृत दस्तऐवज पाहण्याची मुभा असते, पण ते तिथे पहिल्यांदा वाचणाऱ्याला वेळ पुरत नाही. मायक्रोसॉफ्टनेही २०२३ पासून वरच्या पातळीवरील परीक्षांमध्ये आपले अधिकृत अभ्याससाहित्य पाहण्याची सवलत दिली. पाठांतराला असलेले महत्त्व कमी होऊन, कोणती गोष्ट कुठे शोधावी आणि सापडल्यावर तिचे काय करावे याची परीक्षा होऊ लागली आहे. घरच्या प्रयोगशाळेचे मोल त्यामुळे पूर्वीपेक्षा वाढले आहे.

यंत्रसामग्री : मेमरीला अग्रक्रम

प्रयोगशाळा म्हटले की, मोठमोठे सर्व्हर आणि लखलखणारे दिवे डोळ्यांसमोर येतात. सुरुवातीला याची काहीच गरज नसते. घरात असलेल्या लॅपटॉपमध्ये १६ जीबी मेमरी असेल, तर आरएचसीएसए किंवा विंडोज सर्व्हरच्या प्राथमिक अभ्यासासाठी ती पुरते. हिशेब सोपा आहे. यजमानासाठी ४ जीबी, विंडोज सर्व्हरसाठी ३ जीबी, विंडोजच्या एका ग्राहक संगणकासाठी ४ जीबी आणि लिनक्सच्या दोन यंत्रांना प्रत्येकी २ जीबी धरले, तर बेरीज १५ जीबी होते. ८ जीबी मेमरीच्या संगणकावर एका वेळी लिनक्सची दोन यंत्रे चालवून अभ्यास सुरू करता येतो, पण विंडोजची जोडी सुरू केली की तो रांगू लागतो. व्हीएमवेअरच्या मोठ्या प्रणाली किंवा अनेक यंत्रांचा कुबरनेटिस समूह उभारायचा असेल, तर ३२ ते ६४ जीबी मेमरीची तयारी ठेवावी.

प्रोसेसर फार नवा नसला तरी चालतो. चार किंवा सहा गाभे असावेत आणि त्यात आभासीकरणाची सोय असावी. इंटेलच्या बाबतीत व्हीटी-एक्स आणि एएमडीच्या बाबतीत एएमडी-व्ही किंवा एसव्हीएम या नावाने ही सोय ओळखली जाते. अनेक संगणकांत ती बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. आभासी यंत्र सुरूच होत नाही अशी तक्रार असेल, तर पहिली तपासणी तिथे करावी. डिस्क मात्र एसएसडीच घ्यावी. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर चार यंत्रे एकाच वेळी वाचन-लेखन करू लागली की सगळा कारभार ठप्प होतो. ५०० जीबीच्या एसएसडीवर सुरुवातीची प्रयोगशाळा आरामात बसते.

वेगळे यंत्र घ्यायचे असल्यास कार्यालयांतून बाहेर पडलेले छोटेखानी डेस्कटॉप हा उत्तम पर्याय ठरतो. विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि विंडोज ११ जुन्या प्रोसेसरना स्वीकारत नाही. असे डेस्कटॉप लिनक्सवर आधारित हायपरवायजर मात्र विनातक्रार चालवतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात जुने यंत्र घेताना मेमरी किती वाढवता येते, किती खाचा आहेत आणि पंख्याचा आवाज कसा आहे, हे दुकानातच पाहून घ्यावे. ॲपलचे २०२० नंतरचे एम मालिकेतील संगणक वेगवान असले तरी त्यांचा प्रोसेसर एआरएम जातीचा आहे. एक्स-८६ साठी बनवलेल्या कार्यप्रणाली त्यावर सरळ चालत नाहीत. त्यांची नक्कल करून चालवाव्या लागतात आणि तो प्रकार संथ असतो.

विजेचा हिशेबही आधीच करावा. सरासरी २० वॅट घेणारा छोटा डेस्कटॉप दिवसरात्र चालू ठेवला, तर महिन्याला १४.४ युनिट लागतात. जुना रॅक सर्व्हर १५० वॅट घेत असेल, तर तोच आकडा १०८ युनिटवर जातो. शिवाय त्याची उष्णता आणि घरघर दोन खोल्यांच्या घरात सर्वांनाच सोसावी लागते. स्वस्तात मिळालेला सर्व्हर वर्षभरात महाग पडतो, तो असा. वीज वारंवार जात असेल, तर छोटा यूपीएस आवश्यक मानावा. यंत्र अचानक बंद पडले की एका पाहुण्याबरोबर सगळ्यांच्याच डिस्कला इजा होण्याचा धोका असतो.

कोणते सॉफ्टवेअर निवडावे?

हायपरवायजरचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारातील सॉफ्टवेअर थेट यंत्रावर बसते. ईएसएक्सआय, हायपर-व्ही आणि प्रॉक्समॉक्स ही त्याची उदाहरणे. दुसऱ्या प्रकारातील सॉफ्टवेअर नेहमीच्या विंडोज, लिनक्स किंवा मॅकवर इतर कार्यक्रमांसारखे चालते. व्हर्च्युअलबॉक्स आणि व्हीएमवेअर वर्कस्टेशन या गटात मोडतात. ज्यांच्याकडे एकच संगणक आहे आणि त्यावर इतर कामेही करायची आहेत, त्यांनी दुसऱ्या प्रकारापासून सुरुवात करावी. विंडोजच्या प्रो आणि एंटरप्राइज आवृत्त्यांत हायपर-व्ही अंगभूत असते. होम आवृत्तीत ते नसते.

वेगळे यंत्र हाताशी असेल, तर ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथील कंपनीचे प्रॉक्समॉक्स हे मुक्त सॉफ्टवेअर लोकप्रिय आहे. २००८ मध्ये पहिल्यांदा आलेली ही प्रणाली डेबियन लिनक्सवर उभी असून, ब्राऊझरमधून तिचा कारभार पाहता येतो. केव्हीएमची आभासी यंत्रे आणि हलकी कंटेनर अशा दोन्हींची सोय तीत आहे. सशुल्क मदतीचा करार न करताही ती पूर्ण क्षमतेने वापरता येते.

व्हीएमवेअरच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत झालेली उलथापालथ प्रत्येक विद्यार्थ्याने समजून घेण्यासारखी आहे. दीर्घकाळ घरच्या प्रयोगशाळा म्हणजे ईएसएक्सआय असे समीकरण होते. २०२० मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीने जुने चालक काढून टाकले आणि घरगुती मदरबोर्डवरील अनेक नेटवर्क कार्डे निरुपयोगी ठरली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली. त्यानंतर महिन्याभरातच कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये मोफत ईएसएक्सआय बंद झाले. वर्कस्टेशन प्रो मात्र मे २०२४ मध्ये वैयक्तिक वापरासाठी आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वांसाठीच मोफत करण्यात आले. एप्रिल २०२५ मध्ये ईएसएक्सआयची मोफत आवृत्तीही परतली. दीड वर्षात एवढे घडले आणि केवळ एका उत्पादनावर सारी मदार ठेवणाऱ्यांची धावपळ झाली. आभासी स्विच कसा चालतो, डिस्कची वाटणी कशी होते, यंत्र एका यजमानावरून दुसऱ्यावर कसे हलते, ही तत्त्वे ज्याने समजून घेतली त्याला उत्पादन बदलले तरी फक्त बटणांच्या जागा नव्याने शिकाव्या लागतात.

परवान्यांची वैध वाट

चोरीचे सॉफ्टवेअर वापरण्याचे कारण आता उरलेले नाही. विंडोज सर्व्हरची मूल्यमापन आवृत्ती १८० दिवस आणि विंडोज एंटरप्राइजची ९० दिवस मोफत वापरता येते. एका परीक्षेच्या तयारीला एवढा काळ पुरेसा आहे. रेड हॅट आपल्या वैयक्तिक विकसक योजनेत १६ यंत्रांपर्यंत रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स मोफत वापरू देते. नोंदणी नको असेल, तर अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स हे त्याच्याशी मिळतेजुळते पर्याय आहेत. सेंटओएस लिनक्सची आठवी आवृत्ती डिसेंबर २०२१ मध्ये आणि सातवी जून २०२४ मध्ये संपुष्टात आली. त्यामुळे जुन्या पुस्तकांतील सेंटओएसचा सल्ला आता गैरलागू आहे. सीसीएनएसाठी सिस्कोचे पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर कंपनीच्या नेटवर्किंग अकादमीत नाव नोंदवल्यावर मोफत मिळते. जीएनएस-३ किंवा ईव्ही-एनजी या अधिक वास्तव साधनांसाठी राऊटरचे सॉफ्टवेअर लागते. ते वाटेल तिथून उतरवून घेणे परवान्याच्या अटींचा भंग ठरते.

पहिली मांडणी

प्रयोगशाळेचे नेटवर्क घरच्या नेटवर्कपासून वेगळे ठेवावे, हा पहिला नियम. हायपरवायजरमध्ये साधारणतः तीन पर्याय असतात. ब्रिज पद्धतीत आभासी यंत्र थेट घरच्या राऊटरला जोडले जाते. नॅट पद्धतीत ते यजमानाच्या आडून बाहेर जाते. अंतर्गत पद्धतीत त्याचा संपर्क फक्त इतर पाहुण्यांशी राहतो. नवशिक्याने ब्रिज निवडून आभासी सर्व्हरवर डीएचसीपी सेवा सुरू केली, तर घरातील मोबाइल आणि दूरचित्रवाणी संचही त्याच सर्व्हरकडून पत्ते घेऊ लागतात आणि सगळ्यांचेच इंटरनेट बंद पडते. वडिलांची कार्यालयीन बैठक किंवा धाकट्या भावंडाची परीक्षा चालू असताना असे घडले, तर प्रयोगशाळेचे दिवस भरलेच म्हणून समजावे.

म्हणून अंतर्गत नेटवर्क घ्यावे आणि त्याला १० ने सुरू होणारे खासगी पत्ते द्यावेत. घरगुती राऊटर बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते वापरतात, त्यामुळे गोंधळ टळतो. बाहेरच्या जगाशी संपर्कासाठी एक छोटे आभासी यंत्र राऊटर म्हणून ठेवावे. ओपीएनसेन्स किंवा पीएफसेन्स यांपैकी एक त्यावर बसवले की फायरवॉलचा अभ्यासही आपोआप होतो. प्रयोगशाळेच्या डोमेनला कोणाचे तरी खरे नाव देऊ नये. ‘डॉट टेस्ट’ हे टोक अशा कामासाठी राखून ठेवलेले आहे, तर ‘डॉट इंटरनल’ हे टोक २०२४ मध्ये अंतर्गत वापरासाठी राखून ठेवण्यात आले.

प्रत्येक कार्यप्रणालीचे एक स्वच्छ यंत्र तयार करून त्याचा साचा करून ठेवावा. पुढची यंत्रे त्या साच्यावरून काढली की, दर वेळी स्थापनेत अर्धा तास घालवावा लागत नाही. प्रयोगापूर्वी यंत्राची स्थिती गोठवून ठेवण्याची सोय म्हणजे स्नॅपशॉट. प्रयोग फसला तर क्षणात मागे जाता येते. मात्र स्नॅपशॉट हा बॅकअप नव्हे. तो मूळ डिस्कवरच अवलंबून असतो, दिवसेंदिवस फुगत जातो आणि डिस्क गेली की तोही जातो. गरजेपुरती जागा घेणारी आभासी डिस्क वापरताना अशीच काळजी घ्यावी. दहा यंत्रांना कागदावर प्रत्येकी १०० जीबी देता येतात, पण खरी डिस्क भरली की सगळी यंत्रे एकदम अडकतात.

मोडा आणि दुरुस्त करा

पुस्तकातील पायऱ्या गिरवून यंत्र उभे राहिले म्हणजे विषय आला, असे होत नाही. खरे शिक्षण बिघाडातून होते. आपल्याच प्रयोगशाळेत मुद्दाम बिघाड करावा आणि तो शोधून दुरुस्त करावा. दोघे मित्र असतील तर एकाने मोडावे आणि दुसऱ्याने शोधावे.

आरएचसीएसएच्या तयारीचे उदाहरण घेऊ. सर्वोच्च वापरकर्त्याचा परवलीचा शब्द विसरला असे समजून यंत्र सुरू होतानाच थांबवावे आणि नवा शब्द द्यावा. हे करताना एसई-लिनक्सची लेबले पुन्हा लावण्याची सूचना द्यायची राहिली, तर परवलीचा शब्द बरोबर असूनही यंत्र आत घेत नाही. एकदा हे अनुभवले की ती पायरी आयुष्यात विसरत नाही. दुसरा सराव डिस्कचा. आभासी यंत्राला नवी डिस्क जोडावी, तिच्यावर एलव्हीएमने भाग पाडावा, तो वाढवावा आणि एफएसटॅब या फाइलमध्ये त्याची नोंद करावी. नोंदीत एक अक्षर मुद्दाम चुकवून यंत्र पुन्हा सुरू करावे. ते आणीबाणीच्या अवस्थेत अडकेल. तिथून त्याला बाहेर काढता येणे हेच कौशल्य. तिसरा सराव वेब सर्व्हरचा. तो नेहमीच्या ८० ऐवजी दुसऱ्याच पोर्टवर सुरू करावा. फायरवॉल आणि एसई-लिनक्स या दोन्ही दारांवर परवानगी दिल्याशिवाय पान दिसणार नाही. प्रत्येक सरावाच्या शेवटी यंत्र पुन्हा सुरू करून बदल टिकले का, हे पाहण्याची सवय लावावी. परीक्षेत अनेकांचे गुण जातात ते काम न आल्याने नव्हे. ते टिकाऊ करायचे राहिल्याने.

विंडोजच्या अभ्यासात डोमेन कंट्रोलरचे आणि ग्राहक संगणकाचे घड्याळ दहा मिनिटांनी वेगळे करून पाहावे. कर्बेरॉस ही ओळखपडताळणीची पद्धत पाच मिनिटांपेक्षा अधिक तफावत सहसा खपवून घेत नाही. त्यानंतर ग्राहकाचा डीएनएस पत्ता चुकीचा द्यावा आणि तो डोमेनमध्ये येण्यास का नकार देतो, ते नोंदवहीत शोधावे. सीसीएनएसाठी ट्रंक जोडणीच्या दोन टोकांना वेगवेगळे नेटिव्ह व्हीलॅन द्यावेत किंवा ओएसपीएफमधील दोन शेजारी राऊटरचे हॅलो संदेशांचे अंतर वेगळे ठेवावे. शेजार जुळत नाही, हे स्वतः पाहिल्याशिवाय त्या वेळापत्रकाचे महत्त्व कळत नाही.

बारा आठवड्यांची आखणी

तयारीचा आरंभ कंपनीने जाहीर केलेल्या अधिकृत अभ्यासक्रमापासून करावा. तो मोफत उपलब्ध असतो आणि त्यातील प्रत्येक ओळ म्हणजे परीक्षेतील संभाव्य काम असते. सीसीएनएचा २००-३०१ हा अभ्यासक्रम सहा भागांत विभागला असून, त्यात आयपी जोडणीला २५ टक्के, नेटवर्कची मूलतत्त्वे आणि नेटवर्क प्रवेश यांना प्रत्येकी २०, सुरक्षेला १५ आणि आयपी सेवा व स्वयंचलन यांना प्रत्येकी १० टक्के वजन आहे. वेळेची वाटणीही त्याच प्रमाणात असावी. १२० मिनिटांच्या या परीक्षेत सोडून दिलेल्या प्रश्नाकडे परत जाता येत नाही, हेही सरावात लक्षात ठेवावे.

नोकरी किंवा महाविद्यालय सांभाळून रोज दीड तास देणाऱ्याला बारा आठवड्यांची आखणी झेपते. पहिले दोन आठवडे प्रयोगशाळा उभारण्यात जावेत. पुढचे सहा आठवडे अभ्यासक्रमातील एकेक विषय आधी वाचावा आणि त्याच दिवशी हाताने करावा. नवव्या आणि दहाव्या आठवड्यात सगळी यंत्रे पुसून टाकून, पुस्तक न पाहता प्रयोगशाळा पुन्हा उभारावी. पहिल्यांदा दोन आठवडे लागलेले काम आता एका सुटीच्या दिवसात झाले, तर तयारी योग्य दिशेने आहे असे मानावे. अखेरचे दोन आठवडे घड्याळ लावून सराव परीक्षा द्याव्यात. या सगळ्या काळात एक वही ठेवावी. कोणती आज्ञा दिली, काय बिघडले, कारण काय निघाले, याच्या तारीखवार नोंदी पुढे मुलाखतीच्या तयारीला पुस्तकापेक्षा अधिक उपयोगी पडतात.

शुल्क आणि नियम

सीसीएनए परीक्षेचे शुल्क ३०० अमेरिकी डॉलर असून, त्यावर करही द्यावा लागतो. अनेक घरांत ही रक्कम सहज बाजूला काढता येण्याजोगी नसते. त्यामुळे परीक्षेची तारीख घाईने ठरवू नये. नापास झाल्यास सिस्कोच्या परीक्षेसाठी पाच दिवस थांबावे लागते आणि शुल्क पुन्हा भरावे लागते. मायक्रोसॉफ्टमध्ये दुसऱ्या प्रयत्नापूर्वी २४ तास आणि त्यानंतरच्या प्रत्येक प्रयत्नापूर्वी १४ दिवसांचे अंतर असते. सीकेएच्या शुल्कात एक फेरपरीक्षा समाविष्ट आहे.

नोंदणी करताना नाव आणि आडनाव ओळखपत्रावर आहे तसेच लिहावे. पासपोर्टवर एक आणि नोंदणीत दुसरे, वडिलांच्या नावाची जागा बदललेली, अशा कारणांनी उमेदवाराला परीक्षेच्या दारातूनच परतावे लागू शकते. घरून ऑनलाइन परीक्षा देता येते, पण त्यासाठी एकांताची खोली, रिकामे टेबल आणि न तुटणारी इंटरनेट जोडणी लागते. मध्येच कोणी खोलीत आले तरी परीक्षा रद्द होऊ शकते. भरल्या घरात राहणाऱ्यांनी परीक्षा केंद्राचा पर्याय निवडणे श्रेयस्कर.

आयत्या उत्तरांचा सापळा

परीक्षेतील प्रश्न चोरून विकणाऱ्यांचा धंदा जुना आहे. ‘डम्प’ या नावाने ओळखली जाणारी ही प्रश्नोत्तरे शंभर टक्के यशाची हमी देतात. परीक्षेपूर्वी प्रत्येक उमेदवार गोपनीयतेचा करार मान्य करतो आणि अशा साहित्याचा वापर हा त्याचा भंग असतो. पकडले गेल्यास प्रमाणपत्र रद्द होते आणि पुढील परीक्षांना बंदीही येऊ शकते. त्यातली अनेक उत्तरे चुकीची असतात, हा भाग वेगळाच.

मोठे नुकसान त्यानंतर होते. अशा प्रमाणपत्रावर मिळालेल्या नोकरीत एखाद्या रात्री रुग्णालयाचा किंवा पतसंस्थेचा सर्व्हर बंद पडतो आणि तो सुरू करण्याची जबाबदारी त्या प्रमाणपत्रधारकावर येते. तिथे चार पर्याय समोर नसतात. बॅकअप परत आणण्याचा सराव ज्याने कधी केला नाही, त्याच्या हातून उरलेली माहितीही पुसली जाण्याची भीती असते. म्हणून घरच्या प्रयोगशाळेत दर महिन्याला एक यंत्र पूर्णपणे नष्ट करून ते बॅकअपवरून उभे करण्याचा सराव ठेवावा. परत आणून न पाहिलेला बॅकअप हा केवळ समज असतो.

प्रमाणपत्रानंतर

ही प्रमाणपत्रे कायमची नसतात. सीसीएनए आणि आरएचसीएसए यांची मुदत तीन वर्षे आहे. सीकेएची मुदत एप्रिल २०२४ पासून दोन वर्षे करण्यात आली. मायक्रोसॉफ्टची अनेक प्रमाणपत्रे एका वर्षात संपतात, पण त्यांचे नूतनीकरण मोफत ऑनलाइन चाचणीने होते. त्यामुळे निकाल लागताच प्रयोगशाळा मोडीत काढण्याची घाई करू नये. घरच्या उपयोगाची एखादी सेवा, उदाहरणार्थ कुटुंबाच्या छायाचित्रांचा साठा, तिच्यावर चालवावी. कुणीतरी विसंबून असलेली सेवा सतत चालू ठेवणे, वेळेवर अद्ययावत करणे आणि सुरक्षित राखणे, हा नोकरीतील कामाशी सर्वांत जवळचा अनुभव होय. मात्र ती सेवा थेट इंटरनेटवर उघडी टाकू नये. बाहेरून पोहोचायचे असल्यास वायरगार्डसारख्या व्हीपीएनचा आधार घ्यावा.

मुलाखतीत प्रमाणपत्राचा क्रमांक क्वचितच विचारला जातो. ‘अलीकडे काय बिघडले होते आणि कसे दुरुस्त केले?’ असे मात्र हमखास विचारले जाते. ज्याने घरातल्या एका कोपऱ्यात चार आभासी यंत्रे शंभर वेळा मोडली आणि शंभर वेळा उभी केली, त्याच्यापाशी या प्रश्नाचे उत्तर तयार असते. महागडे यंत्र नसले तरी चालेल. १६ जीबी मेमरी, अधिकृत अभ्यासक्रमाची प्रत, एक वही आणि रोजचा दीड तास एवढ्या भांडवलावर ही प्रयोगशाळा उभी राहू शकते.